साठ म्हटलं, आठ ऐकलं

पत्र असं आहे :

"ताई, माझ्या सासूबाई ५७ वर्षांच्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांना थायरॉईड निघाला, ७५ ची गोळी चालू होती. वर्षभरात त्यांना ऐकू कमी यायला लागलंय. टीव्ही इतका मोठा की शेजारी सांगायला येतात. काही विचारलं तर भलतंच उत्तर, नाहीतर उत्तरच नाही. ह्यांना वाटतं, आई मुद्दाम करते. मला तर त्या उलट म्हणतात, 'तूच पुटपुटतेस.' ह्यांचं मात्र बरोबर ऐकू येतं! दसऱ्यानंतर नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की थायरॉईडच्या गोळ्यांनीच कान जातात, तेव्हापासून त्यांनी गोळी बंद केली. उपवासाच्या दिवशी तर त्या आधीपासूनच घेत नव्हत्या. मागच्या आठवड्यात चेहरा सुजल्यासारखा वाटला म्हणून रक्त तपासलं, टीएसएच ३८ आला. कान थायरॉईडने गेले, गोळीने की वयाने? गोळी परत सुरू केली तर ऐकू येईल का? मशीन लावायला त्या तयार नाहीत. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिलाही होईल का? (आई पूर्वी वीस वर्षं मागावर कांड्या भरायला जायच्या, आता घरीच असतात.)
— एक सून, इचलकरंजी"

सूनबाई, आधी गोळीचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

गोळीने कान जात नाहीत. आईंची गोळी, लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे रसायन स्वतः तयार करते तेच, बाहेरून दिलेलं. कानाला अपाय करणारी औषधं असतात, नाही असं नाही. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं, एके काळी टीबीला सर्रास दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन ही त्यातली. आईंना यातलं काही कधी दिलं गेलं होतं का, ते जुन्या फायलीत जरूर बघा. थायरॉईडची गोळी त्या यादीत नाही. ज्यांनी हा सल्ला दिला ते मनाने चांगलेच असतील, पण त्यांच्या सल्ल्याची किंमत ३८ झाली आहे.

हा ३८ म्हणजे काय, तर हाक आहे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड ढिम्म हलेना, की ती आणखी मोठ्याने हाक मारते. रक्तात मोजलेली ही हाक म्हणजे टीएसएच, एरवी ती चार-पाचाच्या आत असते. तुमच्या घरात सध्या जे चाललंय, तेच आईंच्या शरीराच्या आतही चाललंय म्हणा ना.

ज्या डॉक्टरांकडे औषध सुरू होतं त्यांच्याकडे रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात जा. बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या देऊ नका. या वयात बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर किती डोसपासून सुरुवात करायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान मोजते, औषध लिहून देत नाही. मात्र आई गुंगल्यासारख्या पडून राहायला लागल्या, अंग गार लागलं, बोलण्यात गोंधळ दिसला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या.

उपवासाचं गणित मांडून बघा. दर सोमवार, एक संकष्टी, दोन एकादश्या धरा. म्हणजे महिन्यातले सात-आठ दिवस गोळी नाही. महिन्याच्या औषधाचा पाव हिस्सा पोटात गेलाच नाही, शिवाय नवरात्रात सलग नऊ दिवस वेगळेच. ही गोळी शरीरात हळूहळू झिजते, निम्मी व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून एखादा दिवस चुकला तर लगेच काही दिसत नाही. त्यामुळेच माणूस फसतो. आणि गंमत बघा, सगळ्या औषधांत उपवासाला सगळ्यात सोयीची गोळी हीच. ती घ्यायचीच मुळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्धा-पाऊण तासाने. आईंना कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती हिला पोटात अडवून धरते. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असतील तर ते डॉक्टरांच्या आणि लॅबच्या कानावर घाला. त्याने टीएसएचचा आकडा खोटा येऊ शकतो. डोस बसला की सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, त्याआधी तपासून उपयोग नाही.

आता कान.

थायरॉईड कमी पडला की ऐकू कमी येऊ शकतं, ही काही नवी बातमी नव्हे. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल यांनी चेहरा सुजलेल्या, मंदावलेल्या बायकांचं वर्णन केलं, पुढे १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्या आजाराला मिक्सिडीमा असं नाव दिलं. १८८८ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या एका समितीने या रुग्णांचा मोठा अहवाल काढला, त्यात कमी ऐकू येण्याची नोंद आहे. तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका बाईला बरं केलं. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. आज आपण जी इवलीशी पांढरी गोळी उपवासाला चालत नाही म्हणून बाजूला ठेवतो, तिची ही आजी.

कानात नेमकं काय बिघडतं, ते दोन जागी बघायचं. पहिली जागा पडद्यामागची पोकळी. नाकाच्या मागून कानापर्यंत एक बारीक नळी जाते, पडद्याच्या आतल्या बाजूची हवा ती खेळती ठेवते. थायरॉईड कमी असला की पाणी धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ ऊतींमध्ये साचतो. चेहरा, पापण्या सुजतात, आवाज घोगरा होतो, तो यामुळेच. तीच सूज त्या नळीला आली तर पडद्यामागे पाणी साचू शकतं आणि पडदा नीट हलत नाही. आईंचा चेहरा सुजलाय म्हणता, तेव्हा हे तपासलंच पाहिजे. हा भाग गोळीने सुधारण्याची आशा जास्त.

दुसरी जागा आतला कान, शंखासारखा वळलेला. त्यातल्या पेशी आवाजाचं रूपांतर विजेच्या संदेशात करतात. त्यासाठी शंखातला द्रव सतत भारित ठेवावा लागतो आणि त्याला ऊर्जा भरपूर लागते. ऊर्जेची भट्टी तापती ठेवणं हे थायरॉईडचं काम. भट्टी विझत आली की हे कामही मंदावतं. गोळीने काहींमध्ये हे थोडं परत येतं, काहींमध्ये येत नाही. गोळी सुरू झाली की कान पूर्ववत होतील असं मी लिहिलं तर ती थाप होईल.

आणि तिसरी गोष्ट कानात नाहीच. ही लोकांना सांगून पटत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. थायरॉईड खूप कमी असला की माणूस सगळ्याच बाबतीत मंद होतो. चाल मंद, नाडी मंद, विचार मंद. प्रश्न कानावर पडतो, आत पोचतो, उत्तरही तयार होतं, पण बाहेर यायला वेळ लागतो. आपल्याला तेवढा धीर कुठला! आपण दोन सेकंदांत तोच प्रश्न मोठ्या आवाजात पुन्हा फेकतो. झालं, त्यांची जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे आलेल्या एका मावशींचा मुलगा बाहेर बसून सांगत होता, "आईला काहीच ऐकू येत नाही." आत केबिनमध्ये मावशींनी बारीक बारीक आवाजांनाही बटण दाबलं, फक्त दर वेळी आवाज येऊन गेल्यावर थोड्या वेळाने. मी आवाजांमधलं अंतर वाढवलं आणि ऐकण्याच्या आलेखाची रेघ बऱ्यापैकी वर आली. त्यांचं निम्मं बहिरेपण आमच्या घाईचं होतं. म्हणून तपासणीला गेल्यावर टीएसएचचा आकडा आधीच सांगा. "सावकाश घ्या" म्हणायला लाजू नका.

"ह्यांना मुद्दाम वाटतं," असं लिहिलंत. ह्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता तुमच्या पत्रातला कंस. "मागावर कांड्या भरायला जायच्या" हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून गाव त्या खटखटीतच जगतंय. तिथल्या माणसांना तो आवाज आवाज वाटतच नाही. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखान्यांसाठीची मर्यादा. एका शेडमध्ये शटलचे माग ओळीने चालू असले की आवाज त्याच्या वर जातो. शेजारी उभ्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागत असेल, तर मोजायचं यंत्र लागतच नाही. वीस वर्षं. कानात कापूस तरी घालत होत्या का, विचारा. कापसाने फार काही थांबत नाही, ते वेगळं.

अशा आवाजाने आतल्या कानाच्या बारीक पेशी कायमच्या मरतात, आणि सुरुवात उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकणं मोजायच्या तपासणीच्या, आलेखावर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप). तो खड्डा दिसला की मला निम्मी हकीकत कळते. पुढे वय वाढलं की रेघ उजव्या टोकाला आणखी घसरते. थायरॉईडची मात्र आलेखावर अशी स्वतःची सही नसते. तेव्हा "थायरॉईडने की वयाने" याचं उत्तर बहुतेक असं निघेल की मागांनी बरंचसं आधीच नेलं होतं, वयाने त्यात भर घातली आणि बंद केलेल्या गोळीने होतं तेही झाकलं. कुणी किती नेलं, ते मोजल्याशिवाय मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. आणि मधुमेह असेल तर तोही याच रांगेत उभा असतो. साखर तपासली नसेल तर तपासून घ्या.

उंच पट्टी गेली म्हणजे काय होतं, ते मराठीतच ऐका. शब्दातला जोर स्वरांत असतो, ते खालच्या पट्टीत असतात, ऐकू येतात. स, श, फ, थ, ख ही अक्षरं म्हणजे नुसती हवा, उंच पट्टीतली, तीच निसटतात. भाजीवाल्याने साठ म्हटलं, ऐकू आलं आठ. तुम्ही ताट मागितलंत, त्यांनी पाट आणला. म्हणून ही माणसं सांगतात, "आवाज येतो, पण कळत नाही." आणि पुरुषाचा आवाज खालच्या पट्टीतला, बाईचा वरचा, लहान मुलाचा त्याहून वर. तर लेकाचं ऐकू येतं आणि सुनेचं येत नाही, या तक्रारीवर महाराष्ट्रात किती घरं वेगळी झाली असतील कोण जाणे, पण तिच्यामागे पुष्कळदा नुसती हर्ट्झची भानगड असते. तुम्ही पुटपुटत नाही. त्याही खोटं बोलत नाहीत.

ओरडून उपयोग नाही तो यामुळेच. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, ते तर आधीच ऐकू येत होते. स आणि थ होते तिथेच राहतात. शिवाय आतला कान दुखावलेला असला की बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो, मधली जागाच उरत नाही. "अगं, ओरडतेस काय, बहिरी नाही मी!" हे तुम्ही ऐकलं असेलच. समोर या, तोंडावर उजेड असू द्या, आधी हाक मारून त्यांची नजर तुमच्याकडे वळू द्या, मग नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोला. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातून काही विचारू नका. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. "साठ" नाही पोचलं तर "पन्नास आणि वर दहा" म्हणा.

तपासणीसाठी गोळीचा परिणाम दिसेपर्यंत थांबू नका. तुमच्याकडचे काही जण तसं सुचवतील. मला ते पटत नाही. आजचा आलेख हातात नसेल तर तीन महिन्यांनी सुधारणा झाली की नाही, हे कशाशी ताडून बघणार? आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कान आतून बघून घ्या. कधी कधी नुसता मळ असतो, तो निघाला की अर्धं काम होतं. तोवर कोमट तेल, लसणाचं तेल, काडी, पिन, काही नको. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन नवं दुखणं व्हायचं. मग शुद्ध स्वरांची ऑडिओमेट्री, त्याच्या जोडीला टिम्पॅनोमेट्री म्हणजे पडद्याच्या हालचालीची तपासणी, पाणी साचलंय का ते हिच्यात कळतं. शक्य असेल तर शब्द ऐकवून घेतात ती चाचणीही मागून घ्या. टीएसएच जागेवर आल्यावर दोन-तीन महिन्यांनी हेच सगळं पुन्हा. कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, खर्चाची अडचण असेल तर आधी तिथे चौकशी करा.

एक अपवाद लिहून ठेवा, फ्रिजवर चिकटवा हवं तर. एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, तर तेव्हा थायरॉईड, मळ, वय असली चर्चा करत बसायचं नाही. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. स्टिरॉइडचा उपयोग होण्याची वेळ पहिल्या दोन आठवड्यांतली, आणि जितकं लवकर तितकं बरं. एकाच कानाने कमी येत असेल, त्यात सतत गुंईऽ असा आवाज असेल, किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टर कदाचित एमआरआय सांगतील. घाबरवायला नाही, ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, एवढं बघायला.

मशीनचं आत्ता बोलूच नका. खरंच. आलेख हातात नसताना मशीनवर वाद घालणं म्हणजे स्थळ बघायच्या आधी मंगल कार्यालय ठरवणं. आईंना म्हणा, "नुसतं मोजून येऊ." सुई नाही, औषध नाही. बंद केबिनमध्ये बसायचं, कानावर हेडफोन, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासात सुटका. बहुतेक बायकांना ते आवडतंच, घरात अर्धा तास कुणी काही विचारत नाही असं होतं कुठे!

आलेखात नुकसान मध्यम निघालं आणि रोजचं बोलणं अडत असेल, तर मात्र गोळीच्या परिणामाची वाट बघत मशीन लांबवू नका. आताची मशीनं डिजिटल असतात, पुढे ऐकणं सुधारलं तर सेटिंग कमी करता येतं. दोन्ही कानांना नुकसान असेल तर शक्यतो दोन्ही कानांना. ऑनलाइन स्वस्तात मिळणारं, सगळेच आवाज सरसकट मोठे करणारं यंत्र घेऊ नका, त्याने मिक्सर मोठा होतो, माणूस नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज नकोसा होतो, ते रोज थोडं थोडं वापरून सवयीचं होतं. पैशांचं बघायचं तर अपंगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, तिला उत्पन्नाची आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची अट असते. साठीनंतर कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मिळतं, आईंना त्याला तीन वर्षं आहेत. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे याच कामाचं राष्ट्रीय केंद्र, तिथे कुणी नातेवाईक जवळ राहत असेल तर एक फेरी वाया जाणार नाही.

हे सगळं "बघू नंतर" म्हणून ढकलू नका, असं मी का म्हणते तेही सांगते. कमी ऐकू येणारं माणूस आधी टीव्ही मोठा करतं, मग हळूहळू लग्नाकार्याला जायचं टाळतं, मग भिशीत गप्प बसतं, मग भिशीच सोडतं. मध्यम वयातलं कमी ऐकणं हे पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला हात घालता येईल अशा कारणांत मोजलं जातं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत ते धरलंय. आई भिशीला जातात का अजून?

मुलीबद्दल थोडक्यात. आजीसारखा मोठेपणी होणारा थायरॉईड घराण्यात असण्याचा कल असतो, म्हणून ह्यांची आणि नणंदांची कधीतरी टीएसएच करून घेतलेली बरी. म्हणून मुलीचे कान जातील असं नाही. बाळ पोटात असताना कानाची जडणघडण थायरॉईडच्या रसायनावर अवलंबून असते. त्यामुळे जन्मतः थायरॉईड नसलेल्या बाळांचं प्रकरण गंभीर, पण ते सहा वर्षं लपून राहत नाही. जन्मापासूनचं बहिरेपण आणि पुढे गलगंड अशी जोडीही असते, पेंड्रेड नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये ती नोंदवली, पण ती दुर्मीळ आणि तिची वाट वेगळी. तुमची लेक शाळेत नीट बोलते, ऐकते, तर घरात आयोडीनचं मीठ वापरा आणि निर्धास्त राहा. तुम्हाला मात्र एक सांगते, तिला आजीजवळ पाठवताना समोर बसून बोलायची सवय लावा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, आणि तिचाच आवाज आजीला सगळ्यात कठीण जात असणार.

उपवासालाही गोळी घ्यायची, हे तुम्ही सांगू नका, ह्यांना सांगू द्या. आणि तपासणीला सोमवार घेऊ नका. सोमवारी आई दुपारपर्यंत चहावर असणार, आणि चहावरच्या माणसाला अर्धा तास बटण दाबायला सांगितलं की पंधराव्या मिनिटाला आलेख बिघडतो.